टाकलेल्यांची यादी

तीन ट्रंका आल्या लातूरच्या टेम्पोतून,
पावतीवर माझं नाव चुकलेलं.
हिरवी मी लगेच ओळखली,
उदगीरच्या आठवडी बाजारात दादांनी घासाघीस करून घेतलेली.
झाकणावरच्या गुलाबाचं आता
एक पान उरलंय आणि अर्धा काटा.
बाकी नुसती लेबलं:
नैरोबीवर सुवा, सुवावर लिस्बन,
नखानं खरवडलं तर खाली हैदराबाद.

प्रयागआक्कानं चाळीस वर्षं लोकांचे कागद सांभाळले.
उसाच्या मळ्यांत गेलेल्या गिरमिट्यांची नावं,
बुडालेल्या जहाजांचे हिशेब,
कुण्या गव्हर्नरच्या सर्दीवरचा उतारा.
त्यांना आम्ल नसलेला पुठ्ठा, सुती फीत,
थंड खोली, दमटपणासुद्धा मोजून.
स्वतःच्या कागदांना
बिस्किटांचे डबे, सायकलच्या ट्यूबचे कापलेले रबर
आणि मीच पोस्टानं पाठवलेला कडुलिंबाचा पाला,
त्याचा आता भुगा.

फोनवर म्हणायची, "लिंबा, माझ्यामागं क्रम मोडू नको.
आधी नुसतं बघ.
कशाच्या शेजारी काय ठेवलंय,
ते बी कागदच असतंय."
मी वीज मंडळातला माणूस.
कुठल्या खांबावरून कुठली तार गेली, एवढं कळतं.
पंखा बंद केला, चष्मा पुसला,
सतरंजी टाकून बसलो.

दुधाच्या बिलाला लागून दादा गेल्याची तार.
घटस्फोटाच्या निकालाच्या घडीत
लिस्बनच्या ट्रामचं तिकीट,
तिकिटामागं मोडीत: चिंचेची चटणी, जमली.
तारखेनं लावून पाहिलं, देशानं लावून पाहिलं.
लागेना.
सून म्हणाली, मामा, मुंग्या होतील.
तिसऱ्या दिवशी रद्दीवाला रशीदभाई दारात आला,
खांद्यावर तराजू,
बघत राहिला, भाव काही सांगितला नाही.

तराजूवरूनच सुचलं.
प्रत्येक गठ्ठ्याला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली:
तेवीस किलो. वीस. एकदा अठराच.
विमानवाल्यांनी जेवढं नेऊ दिलं तेवढा गठ्ठा,
आणि गठ्ठ्याच्या तळाशी यादी:
नैरोबी सोडताना टाकलेलं.
सुवा सोडताना टाकलेलं.

पंचावन्न पानं.
ठेवलं त्याची नोंद तिनं कुठंच केली नव्हती.
टाकलं त्याची ओळ न ओळ.

लग्नाचे फोटो, अकरा. दहा टाकले. अकराव्यात नुसता मांडव आहे.
शिफारसपत्रं, चार. टाकली. खोटी नव्हती, लांब होती.
वांजिकूनं विणलेली टोपी. कागद नव्हे, तरी नोंद.
लिंबाचं पत्र, पाच पानी, बोअरला दोनशे दहा फुटांवर पाणी लागल्याचं. टाकलं. पाठ आहे.
लिंबाचं कार्ड, भूकंपानंतरचं, "आम्ही आहोत" एवढंच. टाकलं. पाठ आहे.

मी उठून पाणी प्यालो.
परत बसलो.

लिंबाचं पत्र, एक पानी, पैशाबद्दल. टाकलं.

पुढं काही नाही.
ओळीत तेवढी जागा कोरी.
शाई संपली असेल म्हणावं तर
खालची ओळ त्याच शाईत.

ते पत्र मला पाठ आहे.

संध्याकाळी गठ्ठे होते तसे बांधले,
त्याच दोऱ्यानं, त्याच गाठीनं, जमेल तशा.
दारातल्या झाडाचा ताजा पाला घातला.
मग एका कोऱ्या चिठ्ठीवर, खांबांचे नंबर टाकायचो
त्या ठळक अक्षरात लिहिलं:

उदगीर.
टाकलं: पाल्याचा भुगा, मूठभर.
बाकी ट्रंकेत.
वजन केलं नाही.